गल्ल्यातले साडेआठ हजार आणि सूरह हुजुरातची बारावी आयत

तापीथडी

नमस्कार, सलाम.

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. रावेरकडे माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, जॉइनर, फिल्टर, आणि सीझनला केळीच्या बागेत जाऊन दुरुस्ती. दुकानात सातपुड्याच्या पायथ्याचा एक तडवी आदिवासी पोरगा दोन वर्षं होता. गल्ला सांभाळायचा, बँकेत जायचा, अम्मीची औषधं आणायचा. घरातलाच झाला होता.

मागच्या रमजानच्या तोंडावर एका संध्याकाळी गल्ला मोजला तर साडेआठ हजार कमी. दोनदा मोजला. अब्बांना विचारलं, ते म्हणाले मी हात लावला नाही. आणि त्याच आठवड्यात पोराच्या हातात नवा मोबाईल.

बस, एवढंच.

पोराला मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण सगळी गोम क्रमातच आहे. पहिले दोन दिवस त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. जॉइनरची पिशवी उचलली तरी वाटायचं घाईत उचलतोय. हसला तर उगाच हसतोय, गप्प बसला तर याच्या मनात काहीतरी आहे. तिसऱ्या दिवशी मोबाईलच्या दुकानात गेलो. "माझ्याकडचा पोरगा येऊन गेला ना? हप्त्यावर घेतला का रोख?" तो म्हणाला, रोख. त्या क्षणी मला चक्क बरं वाटलं, हे कबूल करायला लाज वाटते. चौथ्या दिवशी चहा पिताना मेव्हण्याला सांगितलं आणि वर "कोणाला बोलू नको" हेही सांगितलं.

मग गल्ल्याची किल्ली काढून घेतली, बँकेत पाठवणं बंद केलं. दहा-बारा दिवसांनी तो यायचाच थांबला. दुसऱ्या ठिबकवाल्याकडे गेला होता म्हणे, त्याने ठेवला नाही. आता केळीच्या गाड्या भरतो.

रमजानमध्ये तरावीहनंतर (रात्रीच्या खास नमाजेनंतर) आमचे मौलाना रोज थोडं थोडं समजावून सांगायचे. एका रात्री सूरह हुजुरात निघाली. कुरआनातली ४९ वी सूरह, म्हणजे अध्याय, उण्यापुऱ्या १८ आयती, म्हणजे वचनं. बाराव्या आयतीचा आशय असा: ईमानवाल्यांनो, बऱ्याचशा संशयापासून लांब राहा, काही संशय तर गुनाहच असतात, कोणाची टेहळणी करू नका, पाठीमागे कोणाची निंदा करू नका, आपल्या मेलेल्या भावाचं मांस खाणं तुमच्यातल्या कोणाला आवडेल का? मौलाना बोटं मोजत म्हणाले, आधी गुमान (संशय), मग तजस्सुस (टेहळणी), मग गीबत (पाठीमागची निंदा). एकाच्या पोटातून दुसरं निघतं. मी पंख्याखाली बसलो होतो तरी पाठ ओली झाली. मोबाईलवाल्याचं दुकान, मेव्हण्याचा चहा. चार दिवसांत मी तिन्ही पायऱ्या उतरलो होतो, आणि त्या चार दिवसांत एक नमाज चुकवली नव्हती.

पैशांचं काय झालं? आजतागायत माहीत नाही. मोबाईलचे पैसे त्याच्या आईने दोन बोकड विकून दिले होते, हे त्याच्या गावच्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडून सहज कळलं. पण त्याने साडेआठ हजारांचा हिशोब लागत नाही.

प्रश्न असा आहे. अल्लाहपुढे तौबा केली. पण हा हक्कुल-इबाद, माणसाचा हक्क. तो त्या माणसानेच सोडायचा असतो. मी त्याच्यावर आळ घेतला हे त्याला ठाऊक आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही. ठाऊक नसेल तर जाऊन सांगू? म्हणजे जे दुखत नाही ते मुद्दाम दुखवू?

---

कांदेबाग

धागा आवडला, पण एक शंका. मी शेतकरी माणूस, मुसलमान नाही. संशयच घ्यायचा नाही म्हटलं तर आम्ही जगायचं कसं? खेडा खरेदीवाला कापूस घ्यायला येतो तेव्हा सगळं गाव त्याच्या काट्याकडे डोळे लावून उभं असतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे घरी मोजलेल्या आणि त्याच्या काट्यावरच्या वजनात एवढा फरक आला की मी वीस किलोचं माप आणून त्याच्यासमोर काट्यावर ठेवलं. काटा बरोबर निघाला. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आम्ही ओलाच मोजला होता, आणि घरात आठ दिवस पडून तो सुकला होता. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, पण तिचं कोण ऐकतो.

तर माप ठेवलं हे माझं चुकलं का?

---

अर्धा_मौलवी

(नाव खरं आहे. मदरसा अर्ध्यात सोडला.)

कांदेबाग दादा, तुमचं काहीच चुकलं नाही. उलट धागाकर्त्याने जे करायला हवं होतं ते तुम्ही केलंत. समोर, त्याच्या देखत, ज्या गोष्टीची शंका तीच तपासली. वजनात मारणाऱ्यांसाठी कुरआनात अख्खी सूरह आहे, मुतफ्फिफीन, ८३ वी, आणि तिची सुरुवातच त्यांच्या बरबादीने होते. तजस्सुस म्हणजे दाराच्या फटीतून बघणं. तुम्ही दार वाजवून आत गेलात.

आयतीचे शब्दही नीट बघा. "बराचसा" संशय टाळा, "काही" संशय गुनाह. सगळा संशय हराम असं म्हटलेलं नाही. मनात विचार येणं हा गुनाह नाही, तो येतोच. पण तो मनात घर करून बसला की इमाम ग़ज़ाली या जुन्या विद्वानांनी त्याला मनाची गीबत म्हटलंय, आणि ओळखायची खूण सांगितलीय: त्या माणसाबद्दल तुझं मन फिरलं का? पूर्वीसारखा त्याच्याशी वागतोस का? फिरलं असेल तर संशय घर करून बसला. उपायही तिथेच दिलाय. वाईट विचार आला की त्या माणसाला जास्त मान द्या आणि त्याच्यासाठी दुआ करा, म्हणजे सैतान चिडतो आणि पुन्हा तो विचार घालायला कचरतो. किल्ली काढून घेणं म्हणजे बरोबर याच्या उलटं.

आता व्यवहाराचं. सूरह बकरा, आयत २८२, कुरआनातली सगळ्यात लांब आयत. नमाजेबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही, उधारीबद्दल आहे. देणं-घेणं लिहून ठेवा, लहान असो मोठं असो कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा. आणि कारण काय दिलंय? हे जास्त न्यायाचं आहे, आणि तुम्ही संशयात पडू नये याला हे जास्त जवळचं आहे. लिहिणं हा अविश्वास नाही भाऊ. लिहिलं नाही की अविश्वास उगवतो.

तापीथडीभाऊ, गल्ल्यात किती हात होते आणि वही किती होत्या?

---

तापीथडी

हात चार. मी, अब्बा, धाकटा भाऊ सुट्टीला आला की तो, आणि पोरगा. वही एकही नाही. उधारीची आहे, गल्ल्याची नाही. कोणी कधी काढले, किती काढले, सगळं डोक्यात.

चार हातांतला मी एकच निवडला. सगळ्यात गरीब होता तो. हे आता लिहिताना लक्षात येतंय.

---

गिरणाकाठी

भाऊ, संशय ना कीडा एकदाव डोकामा घुसना का मंग निंघत नई. आमना गावमा भाऊ भाऊ बांधवरथीन बोलतस नई, तीस वरीस व्हयनात. कारण इचारं ते कोनलेच आठवत नई.

---

पांझरेची_लेक

मी धुळ्याची. मोहल्ल्यात शिवणाचा क्लास चालवते. इथे सगळे भाऊलोक पैशांबद्दल बोलताहेत, म्हणून आमच्या बाजूचं लिहिते. बाईवर संशय आला की गल्ला मोजायला कोणी थांबत नाही.

माझ्या क्लासमधल्या एका मुलीची सोयरीक मोडली. देवपुरात कोणीतरी तिला कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसलेली बघितली. बघणारा कोण, ते माहीत नाही. कधी, तेही नाही. पण मुलाकडच्यांनी सुपारी परत पाठवली. तेव्हापासून जी भेटेल ती मला विचारते, "पण बाजी (ताई), होता कोण तो?" मामाचा मुलगा होता का, भाऊ होता का, रिक्षा मिळाली नाही म्हणून कोणी सोडायला आलं होतं का. मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तो भाऊ निघाला तर ती सुटली आणि नाही निघाला तर अडकली, हा खटला चालवायचा अधिकार आम्हाला दिला कोणी?

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचा किस्सा तरावीहमध्ये सगळे ऐकतात, पण ऐकून न ऐकल्यासारखं. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परत येताना त्यांचा हार हरवला, त्या शोधायला मागे राहिल्या. हौदा हलका असल्याने उचलणाऱ्यांना कळलंच नाही की त्या आत नाहीत. काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान यांनी त्यांना बघितलं, आपल्या उंटावर बसवलं आणि स्वतः पायी उंट धरून आणलं. एवढ्यावर मदिन्यात महिनाभर जिभा चालल्या. त्या आजारी होत्या, घरात पडून, आणि आपल्याबद्दल काय बोललं जातंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. सगळ्यात शेवटी कळलं ते ज्यांच्याबद्दल होतं त्यांनाच. आमच्या मोहल्ल्यातही हेच होतं.

मला त्यातली बरीरा फार आवडते. घरकाम करणारी. पैगंबरांनी तिला विचारलं, आयशांमध्ये तुला कधी काही खटकलं का? ती म्हणाली, एकच दोष, वय लहान आहे, मळलेली कणीक तशीच ठेवून झोपून जातात आणि बकरी येऊन खाऊन जाते. बघा, रोज घरात वावरणाऱ्या बाईला सांगण्यासारखं काय सापडलं, तर कणीक आणि बकरी. आणि गावभर काय चाललं होतं! हजरत ज़ैनबही होत्या, सवत. बोलल्या असत्या तर कोणाला नवल वाटलं नसतं. त्या म्हणाल्या, मी माझे कान आणि डोळे जपते, मला त्यांच्याबद्दल चांगलंच ठाऊक आहे.

मग सूरह नूर आली, २४ वी. त्यात विचारलंय, हे ऐकलं तेव्हाच ईमानवाल्या पुरुषांनी आणि बायकांनी आपल्याच माणसांबद्दल चांगलं का नाही धरलं? आणि पाकदामन (शीलवान) बाईवर आळ घेऊन चार साक्षीदार आणले नाहीत तर ८० फटके, आणि पुढे त्याची साक्ष कायमची बाद. चार साक्षीदार. देवपुरातल्या मोटरसायकलीला एकही नव्हता.

---

चोपडेकर

बाजी, सलाम तुम्हाला. आमच्याकडे म्हण आहे ना, डोळ्यांनी पाहिलेलं पण खोटं असतं. एक हदीस (पैगंबरांचं सांगणं) आठवली, बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही ग्रंथांत आहे. हजरत ईसांनी (येशूंनी) एकाला चोरी करताना बघितलं. विचारलं, चोरी केलीस? तो म्हणाला, नाही, ज्याच्याशिवाय कोणी माबूद (देव) नाही त्याची शपथ. तर हजरत ईसा म्हणाले, मी अल्लाहवर विश्वास ठेवला आणि माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं.

आणि ती दुसरी हदीस तर सगळ्यांना पाठ हवी: भावासाठी ७० बहाणे शोधा, आणि नाही सापडला तर म्हणा की एखादा असेल जो मला माहीत नाही.

---

अर्धा_मौलवी

चोपडेकर भाई, पहिली बरोबर. ७० वाली हदीस नाही, बुजुर्गांचं बोलणं आहे. बात पक्की आहे, पण पैगंबरांच्या नावावर टाकू नका. "ऐकलेलं सगळं सांगत सुटणं एवढंच माणूस खोटा ठरायला पुरे आहे" ही मात्र हदीस आहे, मुस्लिममधली. आणि आपण संशयावरच्या धाग्यावर आहोत :)

---

साक्रीकर

मी या धाग्यावर लिहिणार नव्हतो.

१ जुलै २०१८, रविवार. राईनपाडा, आमच्या साक्री तालुक्यात. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज महिनाभर व्हॉट्सअॅपवर फिरत होते. पाचही जणांना ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत.

त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात मेसेज पुढे पाठवायला पाच चॅटची मर्यादा घातली. तेव्हापासून कोणताही "सावधान" वाला मेसेज आला की मी तो पाच जणांना काय, एकालाही पाठवत नाही. माझे नातेवाईक मला भित्रा म्हणतात.

---

अर्धा_मौलवी

साक्रीकर दादा, त्याच हुजुरातची सहावी आयत. कोणी भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या जमातीला इजा कराल आणि मग केल्याचा पस्तावा करत बसाल. सहावी आणि बारावी एकाच सूरहमध्ये सहा आयतींच्या अंतरावर आहेत. खबर आणि संशय.

---

दोन्हीकडचा

एक कडू प्रश्न विचारतो, राग नको. या सगळ्या आयती "ईमानवाल्यांनो" आणि "भावाचं मांस" अशा आहेत. म्हणजे मुसलमानाने मुसलमानावर संशय घेऊ नये, बाकीच्यांवर चालतो? आमच्या गीतेतही "संशयात्मा विनश्यति" आहेच, पण ते सगळ्यांना लागू आहे.

---

कांदेबाग

दोन्हीकडचा, चौथ्या अध्यायातला तो संशय श्रद्धेबद्दलचा आहे हो, ज्ञानावर विश्वास नसलेला माणूस. शेजाऱ्याने कोंबडी चोरली का याच्याशी त्याचा संबंध नाही. आजोबांनी ज्ञानेश्वरी सोबत गीता पाठ करून घेतली होती म्हणून सांगतो.

---

अर्धा_मौलवी

कडू नाही, सरळ प्रश्न आहे. बोलावणं ईमानवाल्यांना आहे, खरं आहे. पण सूरह निसा, ४ थी, आयत १०५ पासून पुढे वाचा. बऱ्याच तफ्सीरांमध्ये (कुरआनावरच्या भाष्यांमध्ये) किस्सा असा येतो: मदिन्यातल्या एका मुसलमान म्हणवणाऱ्याने चिलखत चोरलं आणि बोंब उठल्यावर आळ ढकलला एका यहुद्यावर. चोराचे कबिलेवाले त्याची बाजू घेऊन आले. आयती उतरल्या त्या यहुद्याच्या बाजूने. दगाबाजांचे वकील होऊ नका म्हणून. आणि ११२ व्या आयतीत आहे, जो स्वतः गुनाह करून तो बेगुनाहाच्या माथी मारतो त्याने मोठा बोहतान (खोटा आळ) उचलला. तिथे बेगुनाहाचा धर्म लिहिलेला नाही. सूरह माइदाची आठवीही बघा, कोणा लोकांचं वैर तुम्हाला अन्यायाकडे ओढू नये.

आता माझाही कडू प्रश्न. जळगावात खोली बघायला गेलो होतो, फोनवर सगळं ठरलं होतं, नाव सांगितल्यावर "आत्ताच दुसऱ्यांना दिली". संशय घेणारेही आपण, ज्यांच्यावर घेतला जातो तेही आपण. म्हणून मला वाटतं आपल्याला तर हा विषय जास्त कळायला हवा.

---

दोन्हीकडचा

मान्य. खोलीचं वाचून वाईट वाटलं.

---

पांझरेची_लेक

मूळ प्रश्न राहिला. तापीथडी भाईंनी जाऊन सांगायचं की नाही?

---

अर्धा_मौलवी

उलमांची (धर्मपंडितांची) यावर दोन मतं आहेत. बरेच जण म्हणतात माफी मागायलाच हवी, हक्क त्याचा आहे. इब्न तैमिया वगैरे जुन्या पंडितांचं म्हणणं, त्याला माहीतच नसेल तर सांगून नवा घाव करू नका. ज्या बैठकीत बदनामी केली त्याच बैठकीत त्याचं चांगलं बोला आणि त्याच्यासाठी दुआ करा. म्हणजे कसंही करून मेव्हण्याच्या चहावर परत जाणं आहेच. तिथून सुटका दोन्ही मतांत नाही.

---

कांदेबाग

आणि मोबाईलवाला? आणि ज्याने त्याला ठेवला नाही तो ठिबकवाला? कापूस उधळला की वेचायला बारा जागी वाकावं लागतं.

---

तापीथडी

मंडळी, उशिरा लिहितोय. गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं.

मेव्हण्याकडे गेलो. तो म्हणाला, जाऊ दे ना, कोणाला आठवतंय. मी म्हटलं, मला आठवतंय. माझ्याकडे काही पुरावा नव्हता आणि नाही. तो म्हणाला त्याने फक्त दोघांना सांगितलं होतं. त्या दोघांकडे गेलो. एकाने चहा पाजला, एकाने विषय बदलला. ठिबकवाल्याला दुकानात जाऊन स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, आता माझ्याकडे माणूस आहे.

मग पोराला भेटायचं ठरवलं. सांगायचं की नाही हे जाईपर्यंत ठरलं नव्हतं. बागेच्या कडेला गाडी लागली होती. तो खाली बसून फण्या क्रेटमध्ये लावत होता, मध्ये कागद घालून, जसे माझ्या दुकानात जॉइनर लावायचा तसेच, एकावर एक, तोंड एका बाजूला. हाताला चीक लागून काळा झाला होता. मला बघून उभा राहिला. हात पुसायला काही नव्हतं म्हणून हात मागे घेतले.

मी म्हटलं, माझी चूक झाली, मी तुझ्यावर आळ घेतला, तुला माहीतही नसेल. तो म्हणाला, "माहीत होतं शेठ. मोबाईलवाल्यानेच सांगितलं होतं, तुम्ही विचारून गेले त्याच दिवशी."

म्हणजे त्यानंतरचे दहा-बारा दिवस तो सगळं माहीत असून येत होता. झाडू मारत होता, अम्मीची औषधं आणत होता.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो काही म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "शेठ, एक विचारू? शेवटचे अकरा दिवस झाले होते माझे. त्याचा पगार राहिलाय."

साडेआठ हजार मी शंभर वेळा मोजले असतील. हे अकरा दिवस माझ्या डोक्यात एकदाही आले नव्हते.

खिशात होते तेवढे तिथेच दिले, बाकीचे संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिले. त्याच्या आईने ते पदरावर घेतले आणि माझ्यासमोर मोजले. दोनदा.